बरोबरीत सुटलेली कुस्ती

मद्रासच्या बंदराला एक बोट लागली. बोटीवरच्या खलाशांना ताप होता. मोशी गावात ही बातमी कुणी वाचली नाही.

*

तालमीची माती अशी करतात. डोंगराकडची तांबडी माती कुटून चाळून घ्यायची. तिच्यात ताक, तिळाचं तेल, हळद, लिंबाचा रस, थोडा कापूर. मग रोजचा घाम. घाम थांबला की माती बसते. बसलेल्या मातीत आपटलेल्या माणसाचं हाड जागेवर राहत नाही.

*

वारा तिकडून असला की पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा मोशीपर्यंत यायचा. वस्तादांच्या घरी मंजुळाबाई त्याच्या वेळेवर कालवणाला फोडणी द्यायच्या.

*

एक खांदा लागला तर कुस्ती चालूच. कंबर लागली, डोकं लागलं, तरी चालूच. दोन्ही खांदे एका वेळी मातीला टेकले की संपली.

*

तालमीतला हिंदुराव एकदा बैलगाड्याच्या शर्यतीत चाकाखाली आला होता. तेव्हापासून त्याच्या डाव्या खांद्याचं पान वर आलेलं राहिलं. पोरं त्याला म्हणायची, तुला पंख फुटतोय.

*

कुणीच पडत नसेल तर पंच आत उतरतो. एक तळवा एकाच्या पाठीवर ठेवतो, दुसरा दुसऱ्याच्या. म्हणजे सोडा. पण त्याने पुढची तारीख पुकारल्याशिवाय कुणी पकड सोडत नाही. तशी रीत आहे.

*

सत्तावन्न सालचा पावसाळा अर्धा सरला होता.

तर ही गोष्ट दौलतराव वस्तादांची. माणसं त्यांना पाठीवरून ओळखू यायची. यात चमत्कार काही नव्हता. उभा जन्म तालमीतल्या मातीच्या हौद्याच्या काठावर उकिडवं बसून खालच्या पोरांकडे बघण्यात गेला होता, आणि कुस्तीत तोंड दिसतं किती? चाकणच्या बाजारात एकदा पाठमोऱ्या माणसाला त्यांनी नावाने हाक मारली. तो माणूस लहानपणीच गाव सोडून नगरकडे गेला होता. त्याने वळून विचारलं, तुम्ही कोण? दौलतराव हसत म्हणाले होते, तुझी पाठ मला ओळखती, तू न्हाई ओळखलंस तरी चालंल.

तालीम गावाच्या नदीकडच्या टोकाला होती. दगडी भिंती, कौलारू छप्पर, बुटकं दार. वाकल्याशिवाय आत जाता येत नसे, आणि ते तसंच हवं असं दौलतराव म्हणायचे. आत एका कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. खुंट्यांवर लंगोट. मधोमध हौदा. उजेड वरच्या दोन झरोक्यांतून यायचा आणि मातीवर पडून लालसर व्हायचा.

तापाला वर्तमानपत्रात फ्लू म्हणत. मोशीत त्याचं नाव अंगमोडी पडलं. आधी पिंपरीला कारखान्यावर जाणाऱ्यांपैकी दोघं आडवे झाले, मग भोसरीकडून एका घरी पाहुणा आला आणि ते घरच आडवं झालं. चाकणचे डॉक्टर सायकलवरून येऊन गेले. दुसऱ्या दिवशी सरपंच उद्धवराव त्यांना घेऊन तालमीत आले. शाळा बंद केली आहे, बाजार भरणार नाही, आता ही तालीम.

डॉक्टर सभ्य माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की हा रोग श्वासातून जातो, आणि इथे तर एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडातच सुटतो. बंद खोली, घामेजलेली अंगं. दौलतरावांना ते पटलं. ते आडमुठे नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती.

"माती काय पळून जाती का, वस्ताद?" उद्धवराव म्हणाले.

"पळत न्हाई. बसती."

शेवटी असं ठरलं की दिवाबत्तीला आणि माती खणायला दौलतरावांनी एकट्याने सकाळी जायचं. बाकी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. त्या संध्याकाळी त्यांनी पोरांना घरी लावलं. हिंदुरावाने जाता जाता विचारलं की आता अंगाला गंज चढायचा त्याचं काय. ते म्हणाले, गोठ्यात जोर काढ, म्हशीला तेवढंच मनोरंजन. सगळे हसत गेले. मग त्यांनी हौदा खणला, ढेकळं फोडली आणि लाकडी फळी ओढून माती अशी सपाट केली की वरून बघताना ती लाल पाण्यासारखी वाटावी. दाराला कुलूप घातलं. किल्ली करदोट्याला बांधली.

सकाळी मातीत खळगा होता.

दौलतरावांनी आधी दिवा लावला. मग काठावर उकिडवे बसून पाहिलं. टाचांनी उकरलेल्या चऱ्या होत्या. एक कोपर रुतलेलं. आणि एक पाठ. डाव्या बाजूला खांद्याचं पान मातीत खोल गेलेलं.

त्यांचं टाळकं सरकलं. कुलूप काढून घुसायचं, रात्री धिंगाणा घालायचा, आणि वर सकाळी साळसूद. ते तडक हिंदुरावाच्या घरी गेले. त्याची आई छबूबाई चुलीपुढे होती. हिंदुराव भाकरी कुस्करत बसला होता. त्याने आईच्या गळ्याची शपथ घेतली. छबूबाईने सांगितलं की रातभर पोरगं तिच्या उशाला घोरत होतं, तिलाच झोप लागली नाही. दौलतरावांनी त्याला सदरा काढायला लावला. पाठ कोरडी, स्वच्छ होती. मातीचा कण नव्हता.

"वस्ताद, कुणाशी खेळलो म्हनता?" हिंदुरावाने विचारलं.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मातीत पावलं एकाचीच होती.

*

दिवस कलताना हिंदुरावाचं अंग तापलं.

*

पुढचे काही दिवस दौलतरावांनी एखाद्या शहाण्या माणसासारखं सगळं करून पाहिलं. छपरातून गळतं का ते शिडी लावून बघितलं. गळत नव्हतं. उंदीर, मांजर, घोरपड, सगळ्यांचा विचार केला. उंबऱ्याच्या आत राखेचा पट्टा पसरला. तो सकाळी जसाच्या तसा होता. कुलूप बदललं. मग एक दिवस माती खणलीच नाही, कडक होऊ दिली. सकाळी ती आपोआप मऊ झालेली होती, आणि तीत हिंदुरावाची पाठ होती. या वेळी दोन्ही खांदे.

त्यांनी फळी घेऊन ती पाठ मोडून टाकली. घाईघाईने, कुणी येईल अशा भीतीने. वर पुन्हा पुन्हा फळी फिरवली.

ते गावात पोचले तेव्हा छबूबाईच्या दारात बायका जमलेल्या होत्या.

मोडून उपयोग नव्हता, एवढं त्यांना कळलं.

*

मग यशवंत. सुताराचा पोरगा, अंगाने वेताच्या छडीसारखा, पडता पडता सुटणारा. त्याची पाठ मातीत उमटली, उजवा खांदा तेवढा. दुसऱ्या सकाळी पुन्हा उजवाच. तिसऱ्या वेळी डावा, पण उजवा उचललेला. घरी तो बरळत होता, खाट ओली करत होता. एका सकाळी माती सपाट मिळाली. फळी ओढून ठेवली होती तशी. दौलतराव सुताराच्या आळीत गेले, तर यशवंत भिंतीला टेकून पिठलं मागत होता आणि त्याची आई रडत पीठ कालवत होती.

अशा आणखी काही पाठा. तालमीतली पोरं एकामागून एक. कुणाचा एक खांदा, कुणाचे दोन. दौलतराव दिवा लावायचे, काठावर बसायचे, वाचायचे, फळी फिरवायचे आणि घरी यायचे. बोलले कुणाशीच नाहीत. काय बोलणार होते? वस्तादाला वेड लागलं, एवढंच झालं असतं. डॉक्टर भेटले तर दौलतराव विचारायचे, अमक्याचं कसं वाटतं? डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही. दौलतरावांना सांगता येत होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून जाईना. कुस्तीला दोघं लागतात. माती दोघांचं लिहिते, पंजे, गुडघे, टाचा. इथे एकजण मागे रेटला जात होता, त्याच्या टाचा चर पाडत होत्या, त्याचा गुडघा घासत होता. रेटणाऱ्याचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. आणि त्याची पाठ कधीच लागलेली नव्हती.

जेवताना मंजुळाबाई त्यांच्या ताटाकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या की तालीम बंद झाल्यापासून तुमचंच अंग उतरलंय. त्यांनी मान हलवली.

*

दौलतरावांना एकच मुलगा, ज्योतीराम. लग्नाचं बघत होते. तो पिंपरीच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, सायकलने, आणि आला की तालमीत. मल्ल म्हणून तो थोर नव्हता. डावात घाई करायचा. पण पाठ लावून घ्यायचा नाही. पालथा पडायचा, कुशीवर पडायचा, मातीला चिकटून राहायचा, आणि समोरचा दमायचा. दौलतराव त्याला सगळ्यांपुढे शिव्या घालायचे की ही काय कुस्ती, घोरपडीसारखी. घरी मंजुळाबाईंना सांगायचे की हे शिकवून येत नाही.

त्या दिवशी ज्योतीराम सायकल हातात धरून चालत आला.

"आबा, अंग मोडून आलंय," तो म्हणाला, आणि ओसरीवरच बसला.

मंजुळाबाईंनी वाकळ अंथरली. दौलतराव उभे राहिले ते राहिलेच. त्यांना त्या क्षणी तालमीत धावत जावंसं वाटलं आणि कधीच जाऊ नये असंही वाटलं.

सकाळी गेले. डावा खांदा होता.

ती पाठ ओळखायला वाचायची गरज नव्हती. तान्हा असल्यापासून त्यांनीच तिला तेल चोळलं होतं. मणक्याच्या शेजारी एक खोलगट जागा, तिथे तेल साचायचं. मातीत तिथे उंचवटा होता.

*

घरात कापराचा वास. काढ्याचं भांडं चुलीवरून उतरत नव्हतं. डॉक्टर रोज येत. छातीला नळी लावून ऐकत, मान हलवत, गोळ्या देत. पहिल्यांदा म्हणाले, तरुण आहे. मग म्हणाले, बघू. मग एका सकाळी नळी काढून ती गुंडाळताना त्यांनी दौलतरावांना अंगणात घेतलं. फुप्फुसात पाणी उतरलंय, म्हणाले. पुण्याला न्यायला गाडी मिळाली तरी वाट सोसणार नाही. दुपारपर्यंत काय ते कळेल. ते खरोखर दुःखाने बोलत होते, आणि दौलतरावांनी त्यांचा हात हातात धरून त्यांनाच धीर दिला.

त्या सकाळी मातीत डावा खांदा पूर्ण होता. उजव्या खांद्याची कड टेकली होती. चंद्रकोरीएवढी.

आतापर्यंत ते फक्त सकाळी जात होते, झालेलं बघायला. चालू असताना गेलं तर काय दिसेल, हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता. भोंगा वाजला. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली असेल. आत ज्योतीरामचा श्वास बुडबुड्यांसारखा येत होता. मंजुळाबाई त्याच्या उशाशी बसून त्याचं कपाळ ओल्या फडक्याने पुसत होत्या, पुसून झालं की पुन्हा पुसत होत्या.

"जरा तालमीकडं जाऊन येतो," दौलतराव म्हणाले.

मंजुळाबाईंनी वर पाहिलं नाही. "आत्ता?" एवढंच म्हणाल्या.

*

कुलूप गार होतं.

ते वाकून आत गेले. दार लोटलं. झरोक्यांतून दुपारचा उजेड हौद्यात सरळ उतरला होता.

माती हलत होती.

फार नाही. भाकरीचं पीठ मळताना परातीत हलतं तेवढी. एका जागी दबत होती आणि कडेने वर येत होती. दोन टाचांनी मागे चर ओढला. ओढताना दिसला, ओढणारं कुणी दिसलं नाही. आवाजही नव्हता, फक्त मातीचा, चाळणीतून पडताना होतो तसा.

डाव्या खांद्याचा खळगा होता. उजव्याचा भरत होता. कोर रुंद होत होती.

दौलतराव एकदा मारुतीकडे बघून नमस्काराला वाकले, कारण हौद्यात उतरताना ते नेहमी वाकत. मग उतरले.

त्यांनी डावा हात पुढे केला, जिथे लेकाची पाठ असायला हवी तिथे. हाताला काही लागलं नाही, पण तळवा भाजला. तापाची धग. घरच्या खाटेवरची तीच.

मग उजवा हात.

उजव्या हाताला पाठ लागली.

रुंद, तेलाने निसरडी. माठाच्या बुडासारखी गार. तळव्याखाली स्नायू दाटलेले होते, जोर लावताना दाटतात तसे. ती श्वास घेत नव्हती.

जन्मभर त्यांनी पाठा ओळखल्या होत्या. ही त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्यांनी हात काढला नाही. पंचाने काढायचा नसतो. दोन्ही तळव्यांनी थोपटलं. सोडा.

माती थांबली.

कोर तेवढीच राहिली. पण ती पाठही हलली नाही. वाकलेली, दाटलेली, तशीच. ती मागे सरेना आणि पुढे रेटेना. वाट बघत होती.

कशाची, ते दौलतरावांना कळायला वेळ लागला नाही. हजार वेळा ते या जागी उभे राहिले होते. पुढचे शब्द त्यांच्या तोंडात तयारच असायचे, आणि आताही त्यांनी विचार केला नाही. नंतर किती वेळा त्यांना वाटलं की दुसरं काही बोलता आलं असतं. कुस्ती रद्द, असं म्हणता आलं असतं. त्याच्या जागी माझं नाव लावा, असं म्हणता आलं असतं. पण पंच असं कधी बोलत नाही, आणि पंचाच्या तोंडून पंचाचंच बोलणं बाहेर पडलं.

"कुस्ती बरोबरीत. जोड पुन्हा लागंल. गावच्या जत्रंला."

तळव्याखालून पाठ सरकली. पाण्यातून मासा जावा तशी.

*

ते घरी आले तेव्हा ज्योतीरामला घाम फुटला होता. वाकळ चिंब झाली होती, आणि मंजुळाबाई ती पिळताना हसत होत्या. डॉक्टरांनी संध्याकाळी नळी लावून दोनदा ऐकलं. असं क्वचित होतं, म्हणाले, आणि चहा मागितला.

*

गणपती बसायच्या सुमारास बंदी उठली. शाळा सुरू झाली. बाजार भरला. तालीम उघडली नाही.

दौलतरावांनी आधी सांगितलं, सुतक आहे. मेलेल्या पोरांच्या घरांना वाईट वाटेल. हे सगळ्यांना पटलं. मग म्हणाले, माती बसलीय, नवी आणायला हवी. हेही चाललं. मग कौलं. मग त्यांचे गुडघे. उरलेली पोरं चिखलीच्या तालमीत जायला लागली, काही कारखान्याला लागली. लंगोट खुंट्यांवरून ज्याचे त्याने नेले. हिंदुरावाचा तसाच राहिला, छबूबाईला न्यायचा धीर झाला नाही.

ज्योतीरामने फक्त एकदा विचारलं, तेही जेवताना.

"मग मी काय करू, आबा?"

"मशीन चालव. लग्न कर. मातीत पाय ठेवायचा न्हाई."

तो बरं म्हणाला. वादावादी झाली नाही, याचं दौलतरावांना नवल वाटलं आणि हायसंही वाटलं.

पहिल्या वर्षी जत्रेच्या तोंडावर ताप पुन्हा आल्याची हूल उठली. ती दौलतरावांनीच पंचायतीत नेली. उद्धवरावांनी कुस्त्यांचा फड रद्द केला. पालखी निघाली, गोडाचं जेवण झालं, कुस्त्या झाल्या नाहीत. त्या दिवसभर दौलतराव ओसरीवर ज्योतीरामच्या समोर बसून होते. दिवस मावळला तेव्हा त्यांनी मंजुळाबाईंना गूळ मागितला आणि खडा तोंडात टाकला. फड लागला नाही तर जत्रा झाली कशी म्हणायची, असा त्यांचा हिशोब होता. पुकारलेली कुस्ती फडाशिवाय लागत नाही. दर साली फड मोडायचा, एवढंच आता त्यांचं काम.

*

पण उद्धवराव काही दर साली ऐकणारे नव्हते. पुढच्या साली त्यांनी बाहेरगावचे मल्ल बोलावले, हलगीवाले ठरवले, आणि मग दौलतरावांना बोलावलं. पारावर माणसं होती.

"साथ जाऊन जमाना झाला, वस्ताद. तुमचा ताप कवा उतरायचा?"

लोक हसले. दौलतराव म्हणाले की पोरं तयारीत नाहीत, हातपाय मोडून घेतील. उद्धवराव म्हणाले, मोडतील तर मोडतील, मोशीच्या फडावर चिखलीचं निशाण लागलं तर ते तुम्हाला चालेल का. कुणीतरी मागून म्हणालं की वस्तादांनी लेकाला मातीपासून लपवलंय, नवरीसारखं. तेही हसण्यावारी गेलं. शेवटी फड लागणार हे ठरलंच, आणि पंच म्हणून दौलतरावांनी बसायचं हेही. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

त्यांनी घरी येऊन ज्योतीरामला सांगितलं की जत्रेच्या दिवशी पहिली शिफ्ट घे. वर ओव्हरटाइम घे. गावात पाऊल टाकू नको, दिवेलागणीनंतर ये.

"व्हय, आबा," तो म्हणाला.

तो नहाणीतून नुकताच आला होता, उघडा. दौलतरावांचं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं. ती भरली होती. खांदे दाटले होते. कारखान्याच्या कामाने असं होत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. लोखंड उचलावं लागतं.

*

जत्रेच्या सकाळी ज्योतीरामने खाकी वर्दी चढवली, डबा मागे बांधला आणि सायकल काढली. दौलतराव वेशीपर्यंत गेले. तो भोसरीच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत थांबले.

मग फडावर जाऊन बसले. हलगी कडाडत होती. कुस्त्या चांगल्या झाल्या. यशवंत सुताराने चिखलीचा एक दांडगा मल्ल पाडला आणि लोकांनी फेटे उडवले. दौलतराव आत उतरले, पंचाचं काम केलं, तळवे ठेवले, तारखा पुकारल्या. उन्हं उतरली. शेवटची कुस्ती लागली आणि सुटली. काही झालं नाही. त्यांचे खांदे पहिल्यांदाच सैल झाले.

गर्दी पांगताना पिंपरीच्या कारखान्यात कामाला जाणारा एकजण भेटला. ज्योतीराम आजारी आहे का, असं त्याने विचारलं. आज शिफ्टला आला नव्हता.

*

सायकल तालमीच्या भिंतीला टेकवलेली होती. डबा मागे बांधलेला, न उघडलेला.

दाराला कुलूप होतं. किल्ली दौलतरावांच्या करदोट्याला होती.

त्यांनी कुलूप काढलं. वाकले.

आत लिंबाचा आणि तेलाचा वास होता. दोन वर्षं दगड झालेली माती खणलेली, फोडलेली, मऊ होती. खुंटीवर खाकी वर्दी, घडी घालून.

ज्योतीराम हौद्यात होता. लंगोट कसलेला. उताणा. डोळे छपराकडे.

दोन्ही खांदे.

त्याच्या छातीवर मूठभर लाल माती होती. पकड घेण्याआधी समोरचा टाकतो तशी.

*

सत्तावन्न साली ताप उतरला त्या दुपारी, दौलतराव तालमीतून परत यायच्या आधी, ज्योतीरामने डोळे उघडून आईला एकच गोष्ट विचारली होती, जत्रा कवा हाय. आणि मंजुळाबाईंनी त्याला दिवस सांगितला होता.